ते काही कोर्ट नव्हे

मी खोटं बोललो. आधीच सांगून टाकतो, नंतर कुणा दुसऱ्याच्या तोंडून कळायला नको.

मिल बंद होऊन दोन वर्षं झाली होती. मी तिथे टाइमकीपर, हजेरी मांडणारा. आमच्या चाळीच्या तोंडाशी दत्ताचं देऊळ आहे. कामगारांनी पाळी सुटल्यावर विटा वाहून बांधलेलं, मीही वाहिल्यात. मागच्या खोलीत नाना राहतात. तीस वर्षं मिलमध्ये साच्यावर कापड विणत उभे राहिले. मिल गेली, बायको गेली, आता देवाची पूजा आणि ती खोली, एवढंच त्यांचं.

जमिनीला भाव चढला आणि चाळीच्या मालकांना, अप्पासाहेबांना, एकाएकी आठवलं, की देऊळ त्यांच्या वडिलांनी बांधलंय, खाजगी आहे! प्रकरण गेलं देवळांच्या ट्रस्टचे तंटे ऐकणाऱ्या सरकारी न्यायाधिकरणात. अप्पासाहेबांना साक्षीदार हवा होता आणि मला माझ्या मुलीसाठी, पूर्वासाठी, नोकरी. पलासियाच्या महागड्या वस्तीत त्यांच्या जावयाचं नवं ऑफिस होतं, कम्प्युटर-बिम्प्युटर सगळं.

"प्रतापराव, दोन वाक्यं तर बोलायची आहेत," अप्पासाहेब म्हणाले.

"शपथेवर?"

त्यांचे वकील हसले. "अरे भिया, वो कोई अदालत थोड़ी है! दफ्तर है, दफ्तर."

दफ्तरच होतं खरं. टेबल, कूलर, फायलींचे ढीग. मी बूट घालून आत गेलो, शपथ घेतली आणि सांगितलं, देऊळ अप्पासाहेबांच्या वडिलांनी स्वखर्चाने बांधलं. मग नानांची पाळी आली. त्यांनी दारातच चपला काढल्या.

"दादा, ये मंदिर नहीं है," बाबू ओरडला.

"शपथ घ्यायची ना? मग काढतो," नाना म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो, मेला!

निकाल अप्पासाहेबांच्या बाजूने लागला. पूर्वा कामाला लागली.

मग चाळवाल्यांनी कुठून तरी एक जुना फोटो हुडकून काढला. डोक्यावर विटा घेतलेल्या माणसांची रांग, आणि रांगेत तिसरा मी! खोट्या साक्षीचा अर्ज पडला माझ्यावर. पाचावर धारण बसली. पण अप्पासाहेबांचे वकील तासभर बोलले. ही कारवाई कोर्टातल्या साक्षीलाच लागू होते, म्हणाले. न्यायाधिकरण शपथ देतं, निकाल देतं, तरी ते कोर्ट नव्हे. अधिकाऱ्यांनी मानलं. अर्ज खारीज.

नाना मागून उठले. "साहेब, कोर्ट नाही, तर माझी खोली कशी गेली?"

"वो आदेश अपनी जगह कायम है."

म्हणजे नानांना बेघर करायला ते कोर्ट होतं, आणि मला पकडायला नव्हतं. इतकी लाज वाटली, की जिना उतरताना नानांच्या चपलांकडेसुद्धा बघवेना. घरी बायकोने, शोभनाने, मी सुटलो म्हणून जिलबी मागवली होती. मी ताट बाजूला सारलं.

पंधरा दिवसांनी नाना दारात.

"जिल्हा कोर्टात दावा टाकलाय, प्रताप. ते खरं कोर्ट आहे म्हणे."

मी मान खाली घालून उभा. आता म्हणतील, चल, खरं सांग. पूर्वाची नोकरी जाईल, जाऊ दे. हो म्हणायचं, असं मी ठरवलं होतं, देवाशप्पथ.

"वकील तुझं नाव साक्षीदारांत घालत होते. मीच नको म्हटलं."

"का, नाना?"

"अरे, तिथे खोटं बोललास तर जेल होते. पोरगी लग्नाची आहे तुझी. कशाला आफत?"

मी खरंही बोलू शकतो, हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं! रागावले असते, थोबाडीत दिली असती, तर बरं वाटलं असतं. ते तर चपला घालून निघालेही.

"नाना," मी मागून म्हणालो, "घाला माझं नाव."

ते थांबले, वळले. टोमणा नव्हता, साधंच विचारलं त्यांनी.

"कुणाच्या बाजूने?"