कोपऱ्यातली वीट

कारखान्यात तिला सगळे ज्ञानबाई म्हणत. पगाराच्या कागदावर ‘ज्ञान व्यवस्थापक’ असं भारदस्त पद होतं, तरी आई अजून विचारायची, “म्हणजे नेमकं करतेस काय गं? नुसत्या चौकशा?” जुन्या माणसांच्या डोक्यातलं कसब त्यांच्याबरोबर घरी जाऊ नये, पुढच्यांच्या हाती लागावं, हे तिचं काम. आता हे आईला कोण समजावणार!

सगळं सुरळीत चालेल म्हणेस्तोवर माशी शिंकली. काच वितळवणाऱ्या मोठ्या भट्टीचे उस्ताद, सगळ्यांचे काका, झटका येऊन पडले. जीव वाचला, पण वाचा गेली आणि उजवी बाजू लुळी पडली. दुरुस्तीसाठी विझवलेली भट्टी आता पेटवायची होती, आणि ते फक्त काकांना यायचं. आच जरा घाईने वाढली की विटा तडकणार आणि कारखान्याला टाळं लागणार. मालक तिला म्हणाले, “ज्ञान सांभाळायला ठेवलंय ना तुला? मग काढ बाहेर!”

काढणार कुठून, डोंबल? काकांनी तिला वर्षभर झुलवलं होतं. धाकटी भट्टी पेटवताना ती प्रश्न घेऊन गेली, की तिचा तळवा भट्टीच्या कोपऱ्यातल्या विटेवर ठेवायचे. “ही उबदार लागली की बोलू.” वीट उबदार होईतो काका भलतीकडेच पसार!

ती काकांच्या शिष्यांकडे गेली, तर तिथे रडगाणं. “म्हातारा महाचिक्कू! मला नुसता ज्योतीचा रंग शिकवला,” एक म्हणाला. दुसरी करवादली, “मला फक्त आवाज ऐकायला लावला.” तिसऱ्याच्या वाट्याला धुराचा वास. तिघांची कुरकुर ऐकता ऐकता ती चमकली. अगं बाई! प्रत्येकाची तक्रार वेगळी होती. काकांनी काही लपवलं नव्हतं, वाटून ठेवलं होतं.

भट्टी पेटवायच्या दिवशी तिने तिघांना एकत्र उभं केलं. काकूंनी काकांनाही चाकाच्या खुर्चीतून आणलं.

“ज्योत पिवळी पडतेय, कमी करतो,” पहिला ओरडला. “आता घरघर थांबली,” दुसरी म्हणाली. “वासही कोरडा आहे, चालू दे,” तिसरा म्हणाला. तीन तोंडांतून एकटे काका बोलत होते.

मग तिघं अडले. मोठी ज्योत आता सोडायची का? रंग ठीक, आवाज ठीक, वासही ठीक. “सोडा की, मुहूर्त बघताय का?” मालक खेकसले. पहिल्याचा हात गॅसच्या चावीवर गेला. काकांच्या घशातून कसलासा आवाज निघाला. त्यांचे डोळे ज्ञानबाईवर रोखलेले होते. तिच्यावरच का?

तिचा तळवा आपसूक या भट्टीच्या कोपऱ्यातल्या विटेकडे गेला. वीट गारढोण.

“थांबा!” ती किंचाळली. “अजून नाही. ही उबदार लागली की...”

चौथी शिष्या ती स्वतःच होती, आणि तिला पत्ताही नव्हता.

सगळे थांबले, मालकसुद्धा. बऱ्याच वेळाने तळव्याला ऊब लागली, तेव्हा तिने मान हलवली आणि मोठी ज्योत सुटली. एकही वीट तडकली नाही.

ती काकांच्या खुर्चीपाशी जाऊन खाली बसली.

“काका, झाली उबदार,” ती म्हणाली. “बोलायचं ना आता?”

काकांनी डावा हात कसाबसा उचलला आणि तिच्या तापलेल्या तळव्यावर ठेवला.