लोणीमामांची ओबडधोबड टिकली

मी एक काळी टिकली बोलतेय. मसुराच्या दाण्याएवढी, रबराची, आणि एका घंटीच्या बटणाखाली उलटी चिकटलेली. मला कुणी पाहत नाही, माझा आवाज मात्र सगळं घर ऐकतं.

रबरातून वीज जात नाही, हे तुम्ही शाळेत शिकला असाल. माझ्यातून जाते. त्यामुळे साधं रबर मला आपलं मानत नाही आणि तांब्याच्या तारा ओळख दाखवत नाहीत. असो. माझं त्यांच्यावाचून काही अडलेलं नाही.

जन्माने मी काळी नव्हते. एका पांढरट, मऊ रबराच्या लादीत मी कुठेतरी होते. अशा तीन लाद्या घंट्या बनवणाऱ्या एका कंपनीने आमच्या कारखान्यात नमुना करायला पाठवल्या होत्या. आजारी माणसाच्या अशक्त बोटालाही दाबता येईल असं मऊ बटण त्यांना हवं होतं, आणि त्या बटणाखाली वीज नेणारी रबराची टिकली. तीन लाद्यांत जमलं तर काम मिळणार, नाहीतर कंपनी दुसरा कारखाना बघणार. मी तिसऱ्या लादीत. फळीवर पडून पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं.

कारखान्यात रबर मळायचं काम लोणीमामांकडे होतं. दोन जाड लोखंडी रुळांमध्ये रबर घालायचं, त्यावर काजळी भुरभुरायची आणि रुळांवरून पुन्हा पुन्हा फिरवत मळायचं. त्यांच्या हातचं रबर लोण्यासारखं एकजीव निघायचं, म्हणून ते लोणीमामा. बुटांचे तळ असोत की नळ्या, त्यांच्या घाण्यात कधी गुठळी सापडली नव्हती. या बाबतीत मामा नाकावर माशी बसू देत नसत.

हे घंटीच्या टिकलीचं काम त्यांनी मालकांकडून मागून घेतलं होतं. का, ते एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत कळलं. माझ्या फळीखालीच डबा उघडून ते मीटरताईला सांगत होते. मीटरताई म्हणजे तयार माल तपासणारी मुलगी. हातात सदा मीटर, म्हणून हे नाव.

"तुझ्या मामींची वाचा गेली ना," मामा म्हणाले, "उजवी बाजूही गेली. डाव्या हाताची बोटं हलतात, ती पण जेमतेम. ताटलीवर चमचा वाजवून हाक मारायची. परवा चमचाच खाली पडला. सून पुढच्या खोलीत शिवणयंत्रावर, तिला काय ऐकू येणार? दोन तास तहानलेली पडून होती गं."

"मग घंटी आणा की, मामा."

"आणली. बटण इतकं कडक, तिला दाबताच येईना. मुलगा म्हणतो, आईला संस्थेत ठेवू, तिथे चोवीस तास माणूस असतो. त्याचंही चुकत नाही. मी कारखान्यात, सून शिवणावर. पण छत्तीस वर्षं संसार केला, आता तिला तिकडे ठेवून मी घरी काय करू?"

मीटरताईने पोळी तोडली आणि तशीच हातात धरून बसली.

पहिली लादी रुळांवर चढली. मामांनी असा जीव ओतला की रबर आरशासारखं चकाकायला लागलं. ते साच्यात दाबून तापवलं, थंड झाल्यावर मीटरताईने मीटरच्या दोन सुया टेकवल्या. वीज नाही. थेंबभरसुद्धा नाही.

"नीट मिसळलं नसेल," मामा म्हणाले आणि दुसरी लादी त्यांनी दुप्पट वेळ मळली. घामाघूम झाले. रबर आणखी देखणं झालं आणि मीटर आणखी मुकं. मामांचं तोंड एवढंसं झालं. मालकांनी फळीवर माझ्याकडे पाहिलं. माझा जीव टांगणीला लागला. एवढ्या देखण्या दोघींना जमलं नाही, तिथे माझी काय कथा!

त्या संध्याकाळी मीटरताई रुळांखालचा ट्रे साफ करायला वाकली. मळायला सुरुवात केल्या केल्या गळून पडलेला एक तुकडा तिथे होता. खडबडीत, ठिगळाठिगळाचा. मामांनी पाहिला असता तर लाजेने खिशात घातला असता. तिने सहज म्हणून तो दाबला, तापवला आणि सुया टेकवल्या. आकडा आला! तिने सुया पुसून पुन्हा टेकवल्या. पुन्हा आला.

काय होतं ते मी सांगते, कारण ते माझ्या पोटात घडतं. काजळीचे कण एकमेकांचे हात धरून रांगेत उभे राहिले की वीज त्यांच्यावरून चालत जाते. गरजेपुरतं मळलं तर ती रांग टिकते. मळतच राहिलं तर हात सुटतात, आणि प्रत्येक कण रबराच्या पांघरुणात एकटा पडतो. मामा मायेने मळत होते आणि त्या मायेनेच वाट तुटत होती.

दुसऱ्या दिवशी मी रुळांवर चढले. मामा एका बाजूला, मीटरताई दुसऱ्या बाजूला, हातात घड्याळ. गार रूळ, वरून काजळीचा पाऊस, पिळवटून पिळवटून मी काळी होत गेले. सांगायला हरकत नाही, मी घाबरले होते.

"मामा, बास."

"अगं, अजून खरखरीत आहे."

"असू दे."

"असं कच्चं काम या हातांनी कधी बाहेर दिलं नाही मी. लोक काय म्हणतील?"

"मामा, मामींना लोणी नकोय. घंटी हवीय."

रूळ फिरत राहिले. मामांचा हात माझ्या कडेवर होता, अजून एक फेरी, फक्त एक, असं त्या हाताला वाटत होतं. मला ते स्पष्ट कळत होतं. मग त्यांनी डोळे मिटले आणि दुसऱ्या हाताने यंत्र बंद केलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी अर्धवट वाटणारं काम खाली उतरवलं, आणि माझ्याकडे न बघताच उतरवलं.

साचा, उष्णता, दाब. थंड झाल्यावर सुया टेकल्या आणि मीटरवर आकडा उमटला, हवा होता तितका लहान; आकडा लहान म्हणजे विजेला अडथळा कमी. मीटरताई ओरडलीच. मामा तिथल्या पिंपावर मटकन बसले आणि काजळीच्या हातांनी डोळे पुसल्यामुळे त्यांचं तोंड माझ्यासारखं झालं. सगळा कारखाना हसला. माझाही जीव भांड्यात पडला.

पुढे त्या लादीतून गोल टिकल्या कापल्या गेल्या, त्यातली मी एक. मऊ बटणाखाली मला बसवलं, खाली तांब्याच्या दोन रेषा, मध्ये फट. बटण दाबलं की मी खाली जाते, फट बुजवते आणि घंटी वाजते. काम मिळालं म्हणून मालकांनी पहिली घंटी मामांना दिली.

मामींच्या उशाशी मी आले तो दिवस मी विसरणार नाही. मामांनी बटणाची डबी त्यांच्या डाव्या हातात ठेवली. बोट थरथरत आलं, टेकलं, किंचित दबलं. पुढच्या खोलीत घंटी खणखणली आणि शिवणयंत्र थांबलं. "आले, आई!" सून धावत आली आणि मामींच्या हातावर डोकं ठेवून रडत बसली. संस्थेचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.

मामींची भाषा मी लवकर शिकले. एकदा म्हणजे पाणी. दोनदा म्हणजे कूस बदला. लांबलचक दाबलं की समजावं, बाई वैतागल्या आहेत. आणि संध्याकाळी मामांच्या चपला दारात वाजल्या की तीनदा. त्याचा अर्थ काहीच नाही. नुसतंच तीनदा.

रोज सकाळी एक बाई मामींना बोलायला शिकवायला यायच्या. त्या गेल्यावर दुपारभर मामी एकट्याच ओठ हलवायच्या. हवा यायची, शब्द येत नसे. हे फक्त मला ठाऊक होतं, आणि मी कुणाला सांगणार?

परवा संध्याकाळी चपला वाजल्या. मामींचं बोट माझ्यावर आलं. टेकलं. आणि दबलं नाही.

मामा दारातच थबकले. मग धावत आत आले. मामी ठीक होत्या, त्यांच्याकडे बघून हसत होत्या.

"टिकली गेली वाटतं," मामा म्हणाले. मी गेले? कमाल आहे माणसांची! दाबून बघायचं सोडून त्यांनी डबी पुढच्या खोलीत नेली, उघडली, मला उलटं केलं. घरातला जुना मीटर काढून सुया टेकवल्या. आकडा चोख. तरी त्यांना चैन पडेना. त्यांनी पॉलिशपेपर काढला. जरा घासून गुळगुळीत करू म्हणे. हात तो हातच! अंगभर काटा म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं.

"अ…"

सुनेने सासऱ्यांचं मनगट धरलं. "बाबा, थांबा. ऐका."

"अ… हो."

आतल्या खोलीतून. घोगरा, तुटका, पण हाक. मामांच्या हातातला पॉलिशपेपर खाली पडला. मग पुन्हा, आता जरा रागावून, "अहो!"

"आलो, आलो गं," म्हणत मामा गेले. मला तसंच उघडं टाकून गेले. सूनही गेली. रात्रीच्या जेवणापर्यंत मी टेबलावर आभाळाकडे तोंड करून पडले होते, आणि इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

आता मी पुन्हा उशाशी आहे. पाण्यासाठी वाजते, कुशीसाठी वाजते. संध्याकाळी तीनदा वाजत नाही, तेवढं काम सुटलं. माझं एकच मागणं आहे. मला घासू नका, मी अशीच ओबडधोबड बरी. आणि एखाद्या संध्याकाळी मी वाजले नाही, तर मला उघडायच्या आधी जरा आत कान द्या.