मामाच्या आधीचा घास

दिंडोशीच्या सुगंधाबाई परबांनी नातवाच्या बाबतीत एकच नियम केला होता, आणि घरात तो सगळ्यांत आधी मोडणाऱ्याही त्याच निघाल्या. नियम साधा होता. मामाच्या हातून उष्टावण झाल्याशिवाय बाळाच्या तोंडात अन्नाचा कण जाणार नाही.

बाळाचं नाव कागदोपत्री अद्विक, पण सुगंधाबाईंच्या तोंडी तो बाबल्या. त्याला सहा महिने झाले तेव्हा सून प्रांजलने डॉक्टरांना विचारून डाळीचं पाणी वाटीत काढलं, तर बाईंनी ती वाटी उचलून सरळ बेसिनमध्ये ओतली. आमच्यात असं चालत नाही, म्हणाल्या. प्रांजलला भरवायची कोण हौस! मऊ चमचे आणि रंगीत लाळेरी तिने केव्हाच मागवून ठेवली होती. पण मान तिच्याच भावाचा, त्यामुळे ती बोलणार काय? हा भाऊ, नितेश, मालवाहू जहाजावर होता आणि त्याच्या जागी यायचा माणूस येईना म्हणून त्याला उतरता येईना. उष्टावण लांबत गेलं.

बाबल्याला मामाशीही देणंघेणं नव्हतं आणि मुहूर्ताशीही. रात्रभर जागलेली प्रांजल सकाळी उशिरापर्यंत झोपायची. तेव्हा सुगंधाबाई स्वयंपाकघरात जमिनीवर बसून पेज प्यायच्या आणि मांडीवरचा बाबल्या त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघायचा. त्या गिळत, तसा तोही रिकामाच गिळायचा. एके दिवशी त्यांना ते बघवेना. त्यांनी पेजेत बोट बुडवून त्याच्या ओठांना लावलं. पेजेवरचं नुसतं पाणी, त्याला काय अन्न म्हणायचं? पुढे त्या पाण्यात दोन शितं आली, पण ती इतकी कुस्करलेली होती की शितं उरलीच नव्हती. मग नाचणीचं सत्त्व आलं. ते तर पितात, खातात कुठे? शेवटी मऊ वरणभात आला, आणि त्यासाठी मात्र बाईंना काही सुचलं नाही, म्हणून त्यांनी विचार करणंच सोडून दिलं. ही वकिली ऐकायला जवळच्या कोर्टातले वकीलसुद्धा चहा टाकून आले असते.

नवरा दशरथराव सगळं बघत होते. "अन्न नेमका खयसून सुरू होता, ता एकदा सांगून ठेव," ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे. बाई त्यांना दळण आणायला पिटाळायच्या.

तपासणीला नेलं तेव्हा बाबल्याचं वजन झकास भरलं. डॉक्टर म्हणाले, ही सगळी आईच्या दुधाची कमाल. प्रांजल लाजली आणि सुगंधाबाई पंख्याकडे बघत राहिल्या. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण सांगणार कोणत्या तोंडाने?

मग प्रांजलची रजा संपत आली. सोमवारपासून तिचं ऑफिस. मूल अजून काहीच खात नाही, आणि ते आजीच्या हातून खाईल की नाही कोण जाणे, या धास्तीने तिने कॉलनीच्या गेटासमोरचं पाळणाघर बघून ठेवलं. तिथल्या बायकांना नव्या मुलांना भरवायची सवय असते, असं तिचं म्हणणं. रविवारी मामा येणार होता. त्या दिवशी बाबल्या नीट जेवला तर घरी, नाहीतर सोमवारी पाळणाघर. सुगंधाबाई मनातल्या मनात हसल्या. बाबल्या रविवारी असा काही जेवेल, की पाळणाघराचा विषयच निघणार नाही, आणि त्यांचं गुपितही झाकलेलं राहील.

रविवारी नितेश चांदीची वाटी आणि चमचा घेऊन आला. पाट मांडला, खीर झाली. बाबल्याचा बाप किरण मोबाइल रोखून उभा राहिला. नितेशने चमचा पुढे केला. बाबल्याने चमच्याकडे बघितलं, मामाच्या दाढीकडे बघितलं आणि तोंड घट्ट मिटून घेतलं. खीर हनुवटीवरून लाळेऱ्यावर आली. किरणने चमच्याचं विमान करून बघितलं. प्रांजलने मऊ चमचा आणला, तर बाबल्याने भोकाड पसरलं. शेवटी सुगंधाबाई मोठ्या तोऱ्यात पुढे झाल्या, आणि त्यांच्या हातातला चमचाही त्याने उडवून लावला. बिचाऱ्याने आजवर सगळं आजीच्या बोटानेच खाल्लं होतं, चमचा जन्मात पाहिलाच नव्हता.

"राहू दे," प्रांजल म्हणाली. ती आत जाऊन दुपटी, लंगोट आणि खुळखुळा एका पिशवीत भरू लागली.

ती पिशवी सुगंधाबाईंनी बघितली. बोलल्या नाहीत तर नातू उद्यापासून परक्यांच्या हातात, आणि बोलल्या तर सुनेच्या मनातून कायमच्या उतरणार. त्या खोलीच्या दारात आल्या.

"तो खाता गो," त्या म्हणाल्या. "माझ्या हातचा खाता. पेज, नाचणी, वरणभात. महिनो होत इलो."

प्रांजलच्या हातातलं दुपटं तसंच राहिलं. "आणि माझी वाटी तुम्ही ओतून टाकलीत."

"ओतलंय. चुकला गो माझा."

प्रांजल भांडेल, असं बाईंना वाटलं होतं. भांडली असती तर बरं झालं असतं. पण तिचे डोळे भरून आले. "मला बघायचं होतं आई," ती म्हणाली. "पहिल्यांदा खाल्लं तेव्हा त्याने कसं तोंड केलं, ते."

सुगंधाबाईंना स्वतःची लाज वाटली. त्यांनी ताटलीत वरणभात कालवला आणि प्रांजलला स्वयंपाकघरात जमिनीवर बसवून बाबल्याला तिच्या मांडीवर दिलं. आधी आपण खायचं, तो बघतो, मग त्याला द्यायचं, एवढं सांगून त्या बाजूला सरकल्या. प्रांजलने एक घास खाल्ला. बाबल्या रडायचा थांबला. ती चावत होती आणि तो टक लावून बघत होता. तिने गिळलं, त्यानेही गिळलं, आणि त्याने भलंमोठं तोंड उघडलं. तिने घास दिला, तर घासाबरोबर बोटही आत ओढलं गेलं. प्रांजल रडता रडता हसायला लागली. त्यानंतर मामाचा मान झाला. नितेशने स्वतः खीर खात खात भाच्याला बोटाने चाटवली, आणि त्या उष्टावणात निम्मी वाटी मामानेच संपवली.

संध्याकाळी प्रांजलने पाळणाघराला फोन करून नको म्हणून कळवलं. मग ती सासूसमोर येऊन बसली. माझी एक अट आहे, म्हणाली. यापुढे त्याला नवीन काहीही द्यायचं असेल, तर आधी मला विचारायचं.

लग्न होऊन आल्यापासून सुगंधाबाईंनी या घरात कुणाला काही विचारलं नव्हतं. दशरथरावांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

"विचारीन," बाई म्हणाल्या. मग जरा थांबून, अवघडत, "उद्या लाल भोपळो देऊ?"

प्रांजलने बाबल्याचं तोंड पुसलं.

"उद्या नको," ती म्हणाली. "भोपळा शनिवारी. तो मी भरवणार."