काचेपलीकडची ठमी

ठमी दिवस भरायच्या आधीच जन्मली होती. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "हिचं वय दोन महिने मागे धरून मोजा. सगळं करेल, जरा उशिरा करेल इतकंच." पण ठमीच्या आईच्या नणंदबाईंचा हिशोब वेगळा. त्या फोनवर विचारायच्या, "अजून उभी नाही? आमचा या वयात घरभर पळत होता गं!"

नवरा बसवर ड्रायव्हर. उजाडता जायचा, दिवेलागणीनंतर यायचा. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ठमीची आई दिवसभर ठमीशीच बोबडं बोलायची. मोठ्या माणसाशी धड एक वाक्य बोलून किती दिवस झाले, तिला आठवत नसे.

त्या दुपारी ती धुतलेली दुपटी वाळत घालायला गॅलरीत गेली. इस्त्री चालूच होती. काम काय, दोन मिनिटांचं. पोर मागोमाग बाहेर येऊ नये म्हणून तिने काचेचं सरकतं दार ओढून घेतलं. ठमी रांगत काचेपाशी आली, दाराच्या खालच्या बाजूच्या खटक्याला धरलं आणि चक्क उभी राहिली.

"उभी राहिली! माझी बाय ती!" आई ओरडली.

ठमी खूश होऊन झुलली. खटका खाली बसला आणि दार आतून अडकलं.

आईने दार ओढलं. हलेना. फोन आत पलंगावर, मुख्य दाराला आतून कडी. टेबलावर तापलेली इस्त्री आणि तिची वायर पार जमिनीपर्यंत लोंबलेली. काच फोडावी तर तुकडे पोरीच्या अंगावर. पोरीला मागे सरकवावं तर मागे इस्त्रीच.

ती कठड्यावरून वाकली. "सुतारकाका! अहो काका!"

तळमजल्यावरचे सुतार हातातला रंधा घेऊनच बाहेर आले. तिने कसंबसं सांगितलं.

"पोरीला काचेशी खिळवून ठेव," ते म्हणाले. "आलोच."

तोवर ठमी बसली होती. मान वळवून वायरीकडे बघत होती. आई गुडघ्यांवर बसली, ओलं दुपटं तोंडावर धरलं. "बुवा... कुक!" ठमी वळली, खिदळली. पुन्हा दुपटं, पुन्हा कुक. हसू ओठांवर चिकटून राहिलं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मुख्य दारावर हातोडा बसला तशी ठमी दचकली. तिने भोकाड पसरलं आणि काचेला येऊन बिलगली. आईने बाहेरून तळवा टेकला. तळव्याखाली नुसती गार काच.

कडी तुटली. काकांनी आधी इस्त्रीचा प्लग ओढला, मग खटका उचलला. अनोळखी माणूस बघून ठमी आणखीच किंचाळली. "वाचवलं तरी शिव्याच," काका म्हणाले. आईला हसता येईना. तिने पोरीला इतकं घट्ट धरलं की ती चिडली.

रात्री नवरा मोडक्या दाराशी उभा राहिला. "उभी राहिली? आणि मी नव्हतो."

"मी होते. काचेबाहेर." मग ती म्हणाली, "तुझ्या सुट्टीच्या दिवशी तासभर मी खाली जाणार. एकटी."

"जाऊन करणार काय?"

"चालेन नुसती."

सुट्टीच्या दिवशी ती खरंच उतरली. कोपऱ्यापर्यंत गेली आणि थांबली. वरून रडणं ऐकू येतंय का म्हणून कान देत राहिली. येत नव्हतं. तरी पुढे पाऊल टाकवेना.