इनामदारांची घोरपड

"कोंबडा जिवंतच सोड," हिंदुराव इनामदार म्हणाले. "कंपाउंडरला बगू दे."

सिदूनं कोंबडा तबेल्याच्या फरशीवर ढकलला. समोर भिंतीशी घोरपड पडली होती. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत चांगली चार हात लांब, मांडीएवढं जाड अंग, काळ्या कातडीवर पिवळे ठिपके. एरवी कोंबडा जमिनीला टेकायच्या आत त्याची मान तिच्या जबड्यात जायची आणि हाडं मोडल्याचा आवाज अंगणात ऐकू यायचा. आज कोंबडा दोनदा फडफडला, इकडंतिकडं फिरला आणि शेवटी तिच्याच पाठीवर चढून उभा राहिला. तिनं डोळासुद्धा उघडला नाही.

हिंदुरावांनी वळून सिदूच्या कानशिलात अशी लगावली, की तो गव्हाणीवर जाऊन आदळला. कानातून रक्ताचा ओघळ आला.

"रविवारी पाव्हणं यायचंत, आन् हे मढ्यावानी पडलंय. जनावर मेलं तर तुजी कातडी सोलून दाराला टांगीन, सिद्या."

ते नुसतं बोलणं नव्हतं. आदल्या वर्षी त्यांनी घोडी राखणाऱ्या एका मोतद्दाराचा हात पहारीनं मोडला होता. तो हात फळकुटं लावून बांधला कुणी, तर मी. पोलिसात कुणी गेलं नाही, मीही नाही.

मी कुंडलिक, सोलापुरात गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. गोष्ट सन बत्तीसची. त्याच्या दोन वर्षं आधी गड्ड्याच्या जत्रेत आलेली एक सर्कस इथंच बुडाली आणि तिची जनावरं मिळेल त्याला विकली गेली. हिंदुरावांनी ही सिंगापूरकडची घोरपड उचलली. लोक कुत्री पाळतात, पोपट पाळतात. यांना घरात असं काही हवं होतं, की बघणाऱ्याची पाचावर धारण बसली पाहिजे. अंगणातल्या कोरड्या हौदात ते तिच्यापुढं कधी बोकड सोडत, कधी भटकं कुत्रं, आणि काठावर खुर्च्या टाकून पाहुण्यांना चहा देत.

राखायला सिदू धनगर. सांगोल्याकडचा माणूस. देवीच्या साथीत सगळी मेंढरं गेली तेव्हा हा शहरात आला. गिरणीच्या भोंग्यानं याचं डोकं उठायचं, म्हणून तिथं टिकला नाही. जनावराशिवाय जगायचं कसं ते याला ठाऊकच नव्हतं. त्या घोरपडीला तो 'बाई' म्हणायचा. तिनं एकदा त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं पेरापासून तोडली होती, तरी बाईच.

"काय झालंय हिला?" हिंदुरावांनी मला विचारलं.

आता खरं सांगतो. मला बैलाची लाळखुरकत कळते, म्हशीचं अडलेलं रेडकू काढता येतं. घोरपडीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. आमचे डॉक्टर रजेवर होते. 'मला माहीत नाही' एवढे तीन शब्द बोलायचे होते. पण इनामदारांनी स्वतः गाडी पाठवून बोलावलेलं, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची. मी वाकून तिच्या पाठीवर हात ठेवला. अंग गार लागलं. पौषातली थंडी होती आणि तबेला दगडी.

"गारठलीय," मी ऐटीत म्हणालो. "ऊब द्यायला पाहिजे. दुसरं काही नाही."

"ऐकलंस का रं?"

"व्हय जी," सिदू कानावरचं रक्त पुसत म्हणाला. "त्ये मला येतंय की."

येतच होतं त्याला. माळावर थंडीत कोकरू गारठलं तर धनगर काय करतो? घोंगड्यात गच्च गुंडाळतो, वारा लागू देत नाही, कोपऱ्यात ठेवतो. सिदूनं तेच केलं. अंगावरचं एकुलतं एक घोंगडं तिच्याभोवती गुंडाळलं, वर दोन पोती टाकली, खिडकीला तरट ठोकलं, दार लावून घेतलं. स्वतः नुसत्या सदऱ्यावर तिच्याशेजारी बसून राहिला. बुधवार ते शनिवार. मी मधे एकदा बाहेरूनच विचारलं, "कशी आहे?"

"निजलीया," तो आतून म्हणाला. "दार उगडू नगा, वारं जाईल."

मी निघून आलो. आत जाऊन बघायला माझं काय जात होतं?

रविवारी सकाळी नऊला पाहुणे जमले. अक्कलकोटकडचे ईरप्पा म्हणून एक गडगंज आसामी होते, त्यांनी आपला शिकारी कुत्रा आणला होता. लांब पायांचा, सडसडीत, साखळीवर उभा राहून थरथरणारा. मलाही बोलावणं होतं. सिदूनं बाईला घोंगड्यासकट खांद्यावर घेऊन हौदात उतरवलं आणि घोंगडं सोडलं.

ती हलली नाही. मी काठावरून खाली उतरलो, तिला हात लावला. बुधवारी होती त्यापेक्षा ती गार होती. शहाबादी फरशीसारखी.

डोकं वर केलं तर हौदाच्या काठावर, जिथं ऊन पडलं होतं तिथं, एक सरडा अंग चपटं करून तापत बसला होता. शेंबड्या पोरालाही माहीत असतं, सरडा सकाळी उन्हात बसतो म्हणून. मला तेव्हा कळलं. कोकराच्या अंगात स्वतःची ऊब असते, घोंगडं ती राखतं. हिच्या अंगात ऊबच नाही. ती उन्हाकडून घ्यायची, आणि आम्ही चार दिवस हिचं ऊन झाकून ठेवलं होतं.

वेळ गेलेली नव्हती. तिला उचलून बारा वाजेपर्यंत काठावर उन्हात टाकलं असतं, तर ती उठली असती. एवढंच बोलायचं होतं, की रावसाहेब, माझं चुकलं, तीन तास थांबा.

"काय कंपाउंडर, बरी हाय न्हवं?" हिंदुरावांनी वरून विचारलं. हातात चाबूक होता.

"बरी आहे," मी म्हणालो आणि वर चढलो.

"मालक, सुस्त हाय ती," सिदू म्हणाला. "आज नगं. हात जोडतो."

"भाईर ये."

ईरप्पांनी साखळी सोडली. कुत्रा एका उडीत खाली गेला. आधी तो लांबून भुंकला, मग जवळ गेला, मग तिच्या नरड्याला लागला. तिचा जबडा जेमतेम उघडला. शेपूट एकदा उचलली गेली आणि तशीच खाली पडली. लढाई नव्हतीच ती. कुत्र्यानं तिला पालथीची उताणी केली, पांढुरकं पोट फाडलं, आतडी ओढून हौदभर फिरवली. पाहुणे आधी हसले, मग त्यांनी कप खाली ठेवले. ईरप्पा म्हणाले, "इनामदार, हे मेलेलं आणलं का हो तुम्ही?"

तेवढ्यात सिदूनं उडी टाकली. लांडगा कळपात शिरल्यावर धनगर जसा जातो तसा तो गेला. कुत्र्याचे मागचे पाय धरून त्यानं त्याला ओढलं. कुत्रा उलटून त्याच्या दंडाला चावला, तसा सिदूनं तो दंड तसाच त्याच्या घशात रेटला आणि दुसऱ्या हातानं मान आवळत गेला. कुत्रा मेला तेव्हाच त्यानं हात काढला. दंडाचं मांस लोंबत होतं.

मग हिंदुरावांची पाळी. सिदूला वर ओढून त्यांनी तबेल्याच्या खांबाला बांधायला लावलं. पहिल्या फटक्याला सदरा फाटला, दुसऱ्याला पाठ. किती मारले ते मी मोजले नाही. खोटं कशाला सांगू, मी खाली बघत होतो. माझ्या धोतरावर रक्ताचे शिंतोडे आले तेव्हा दोन पावलं मागं सरकलो.

"जनावर मारलंस माजं," हिंदुराव धापा टाकत म्हणाले. "ऊब द्यायची सोडून कुनाच्या अकलेनं कोंडून घातलंस रं तिला? कुनी सांगितलं? बोल."

सिदूनं मान वळवली. मी दहा हातांवर उभा होतो. त्यानं मला पाहिलं, नक्की पाहिलं.

"कुनी न्हाय," तो म्हणाला. "माज्याच अकलेनं."

फटके पुन्हा सुरू झाले. मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभा. त्या दिवसापासून मी स्वतःला भला माणूस म्हणवून घेतलेलं नाही.

सोमवारी सकाळी दवाखाना उघडतो तर पायरीवर सिदू बसलेला. सदरा पाठीला चिकटून काळा पडला होता.

"अरे, सिव्हिलात जा," मी म्हणालो. "इथं गुरं बघतात."

"तितं इचारत्यात, कुनी मारलं म्हून. हितं जनावराला कोन इचारत न्हाय."

मी त्याला आत घेतलं. कोमट पाण्यानं सदरा सोडवला. निम्मी कातडी सदऱ्याबरोबर आली. तो हुं का चूं करीना. शेवटी माझ्याच्यानं राहवेना.

"सिदू, माझं नाव का नाही घेतलंस?"

"तुमी ऊब द्या म्हनला, त्यात काय चुकलं?" तो पालथा पडून बोलत होता. "चार रोज मीच हुतो तितं. ती गार पडत चाललीया, हाताला कळत हुतं. पर आमच्या बापजाद्यांची रीत, ती कशी चुकंल? म्या रीत बगितली, जनावर न्हाय बगितलं." मग म्हणाला, "मरताना जागी हुती, दाक्तर. डोळा हालत हुता."

मला रडू आलं. त्याला दिसू नये म्हणून मी कपाटाकडं वळलो. पाठीला टिंक्चर आणि दंडाला टाके घालायला दोरा काढायचा तर आमच्याकडं आधी नोंदवहीत लिहावं लागे. कुणाचं जनावर, कुठलं, काय झालं. मी वही उघडली, टाक दौतीत बुडवला आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, "मालकाचं नाव?"

सिदू धडक्या हाताच्या कोपरावर रेटा देऊन उठून बसला. पाठीवरून नव्यानं रक्त वाहायला लागलं, पण बसला ताठ.

"मालक न्हाय," तो म्हणाला. "हितनं फुडं कुनी न्हाय. तसंच लिवा."

मी तसंच लिहिलं. मग सुई घेतली, आणि दोरा ओवायला मला फार वेळ लागला.