ब्रेकवरचा पाय

आमच्या चिंचवडच्या गॅरेजात एक दंडक होता. ब्रेकचं काम झालं की अब्बा स्वतः केबिनमध्ये चढून उजव्या पायाने ब्रेक दाबत, मगच ट्रक बाहेर जाई. ड्रायव्हर लोक पावती मागत नसत, पाय मागत.

त्र्याहत्तर साली जॅक निसटला. अब्बांच्या डोक्याला मार बसला आणि उजवा पाय ताठला. टाच वर, चवडा खाली. पाय ब्रेक आता झकास दाबायचा, फक्त सोडायचा नाही. एकदा अब्बांना सोडवायला दोन माणसं लागली. ट्रक तोवर उभाच.

पुण्याचे डॉक्टर म्हणाले, "पाय ठीक आहे, मेंदूचा हुकूम चुकतोय. पोटरीचा मज्जातंतू कापता येईल, पण जोर कमी होईल. नाहीतर टाचेमागची जाड शीर कापून लांबवायची."

"हॉर्न थांबत नाही म्हणून वायर तोडायची?" अब्बा म्हणाले. "तेवढं तर आमचा हनीफपण करतो. शीर लांबवा."

हनीफ म्हणजे मी. वय बावीस.

ऑपरेशन उत्तम झालं. सहा आठवडे प्लास्टर, पायावर भार टाकायचा नाही.

अठराव्या दिवशी अब्बांनी लोखंड कापायची करवत मागितली.

"डॉक्टर काय येडा आहे?" अम्मी ओरडली.

"चांगला आहे गं. पण नवीन बसवलेलं काम हळूहळू चालवून मोकळं करावं लागतं, नाहीतर जाम होतं. त्याला गाड्यांतलं काय कळतंय?"

प्लास्टर कापून ते ट्रकात चढले आणि ब्रेक दाबला. टक् असा आवाज आला. मी बॉनेट उघडून शोधत बसलो.

शीर तुटली होती. डॉक्टरांनी पुन्हा शिवली, पण पायात जोर आला नाही. पाऊल पेडलवर ठेवलं की नुसतं ठेवलेलं राही.

मग निघोज्याचे हिंदुराव ट्रक न्यायला आले. "चाचा, पाय लावा. न्हाईतर गाडी दुसरीकडं दाखवतो."

अब्बा केबिनमध्ये चढले. मी आधीच आत, पेडलपाशी आडवा झालो होतो. त्यांनी पाऊल ठेवलं, मी दोन्ही हातांनी पेडल दाबलं.

मागून हिंदुराव ओरडले, "लाल दिवा लागला! आरं, जुना जोर परत आला की चाचांना!"

ते ब्रेक मी बसवले होते. ते कुणी विचारलं नाही.

अब्बा समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत होते. ओठ न हलवता म्हणाले, "हनीफ, लवकर सोड. माझं ऑपरेशन झालंय."