बाह्यांचं झाड

"अहो, हे काळं कापड कुणाचं? कोटाचं गिऱ्हाईक आलं होतं का?"

मास्तर मशीनवर एका पँटची लांबी कमी करत होते. बायकोचा आवाज मागच्या कपाटापाशी होता, हे त्यांच्या जरा उशिरा लक्षात आलं.

"ठेव ते! उघडू नकोस!"

तोवर तिने ते उघडून कटिंगच्या टेबलावर पसरलंही होतं. मास्तर धावत गेले आणि टेबलाशी उभे राहिले, चोरी पकडली गेल्यासारखे.

"हे तुम्ही काढलंय?"

"नाही. उंदरांनी."

ती हसली नाही. वाकून बघत राहिली. काळ्या कापडावर पांढऱ्या खडूने एक झाड काढलं होतं. मुळं वर ढगांत गुंतली होती आणि फांद्या खाली लोंबत होत्या. फांद्यांना पानं नव्हती. कोटांच्या, सदऱ्यांच्या, झबल्यांच्या बाह्या होत्या, कुणाला तरी बोलावत असल्यासारख्या. फळांच्या जागी बटणं होती. खोडाला एकावर एक खिसे होते.

"झाड उलटं आहे."

"झाड बरोबर आहे. आपण उलटे आहोत," मास्तर म्हणाले आणि ओशाळले. "आक्काचं वाक्य आहे ते. झाडही तिचंच."

मग हळूहळू त्यांनी सांगितलं. आई गेली तेव्हा ते इतके लहान होते की तिचा चेहरा त्यांना आठवत नव्हता. वडील वर शिवत बसायचे आणि ही दोघं बहीणभाऊ कटिंगच्या टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगात झोपायची. आई कुठे गेली, असं विचारून त्यांनी आक्काला भंडावून सोडलं, तेव्हा तिने हे झाड रचलं. शिवायला टाकून कधीच न्यायला न आलेले कपडे त्या झाडावर राहायला जातात म्हणे. आणि माणसं खोडाच्या खिशांत.

"आई कुठल्या खिशात?"

"सगळ्यात वरच्या. तिथे आपला हात पोचत नाही."

"मग ती बाहेर कशी येणार?"

"खिसा उघडा ठेवलाय बटण्या, झोप आता."

त्यांनी एकदा खरंच बटण गिळलं होतं, तेव्हापासून आक्का त्यांना बटण्या म्हणायची. पुढे टेबलाखालून निघून ते टेबलावर आले आणि जन्मभर कापडावर गळे आणि बाह्यांचे मुंढे आखत राहिले. चित्रं काढणं हे आपलं काम नव्हे, हे त्यांना पक्कं माहीत होतं. शाळेत चित्रकलेच्या तासाला त्यांची गाय पाहून सरांनी हे टेबल आहे का, असं विचारलं होतं.

पण आक्काचे डोळे जात चालले होते. डॉक्टरांनी हात टेकले होते. फोनवर ती म्हणाली, "काळ्यावर पांढरं असेल तर दिसतं रे अजून. बाकी सगळा धूर." त्या दिवशी मास्तरांनी कोटाचं काळं कापड फाडून घेतलं. बायको भाजीला किंवा बहिणीकडे गेली की ते दार लोटून घेत आणि आखायला बसत. नेहमीचा मातीचा खडू नुसता हात लागला तरी उडतो, म्हणून मेणाचा आणला. वडिलांनी तो दुकानात कधी येऊ दिला नव्हता, पण त्याची रेघ कशी, दुधासारखी. बाह्या जमल्या. मुळं जमली नाहीत, असं त्यांना वाटत होतं. अजूनही वाटत होतं.

"ती आज येतेय," मास्तर म्हणाले. "तिला दाखवावं म्हटलं. हसेल कदाचित."

"हसेल कशाला?" बायको म्हणाली. "चांगलं आहे. मला कळत नाही, पण चांगलं आहे. एवढ्या घड्या कशाला पाडल्यात मात्र?"

दुपारी भाची गाडीतून आक्काला सोडायला आली. मास्तर रस्त्यापर्यंत गेले. भाचीने आईचा हात त्यांच्या हातात दिला, संध्याकाळी न्यायला येते म्हणाली आणि निघून गेली. आक्काचा हात हलका लागला.

"पायरी आहे आक्का."

"माहीत आहे मला. या पायरीवरून तू पडलास तेव्हा तुला उचललं कोणी?"

आत बायकोने चहा ठेवला होता. आक्काने कप बरोबर उचलला, साखर कमी आहे म्हणून भावजयीला टोमणा मारला, आणि मास्तरांना बरं वाटलं. वाटतं तेवढं काही बिघडलेलं नाही.

"दाखव आता ते खडूचं झाड. फोनवर नुसता तोंडात बोळा घातल्यासारखा बोलत होतास."

मास्तरांनी तिला टेबलाशी खुर्चीवर बसवलं. घडी केलेलं कापड आणून समोर ठेवलं आणि उलगडलं. एकही चुणी नव्हती. झाडही नव्हतं.

त्यांनी कापड उलटून पाहिलं. पुन्हा सुलटलं. काळं, स्वच्छ, नव्यासारखं.

दाराशी बायको उभी होती.

"मी... इस्त्री फिरवली," ती कुजबुजली. "तुम्ही रस्त्यावर गेलात तेव्हा. उलट बाजूनेच फिरवली. काळ्याला चमक येते म्हणून."

लग्न झाल्यापासून या टेबलावरून उतरलेला प्रत्येक कपडा तिच्या इस्त्रीखालून गेला होता. त्याशिवाय दुकानातून काही बाहेर द्यायचं नाही, हे मास्तरांनीच तिला शिकवलं होतं. मातीचा खडू इस्त्रीने जात नाही, झटकावा लागतो. मेण मात्र उष्णतेने विरतं. ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

मास्तर बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात आक्का म्हणाली,

"वा!"

दोघंही थबकली.

"किती मोठं काढलंस रे. आणि या बाह्या! वाऱ्याने हलल्यासारख्या."

तिचा चेहरा खिडकीकडे होता. कापड टेबलावर होतं. मास्तरांनी हळूच कापडाचं टोक उचललं, तिच्या डोळ्यांसमोर आणलं, खाली ठेवलं. पापणी हलली नाही. मग त्यांनी पांढऱ्या अस्तराचा तुकडा काळ्यावर टाकला. आक्का खिडकीकडे बघून हसत होती.

केव्हापासून, कोण जाणे. फोनवर बोलली तेव्हाही असेल.

"मुळं कशी वाटली?" मास्तरांनी विचारलं.

"मुळं झकास. तुला उगाच शंका."

बायकोने डोळे पुसले आणि काहीतरी बोलायला पुढे झाली. मास्तरांनी मान हलवून तिला थांबवलं.

आक्काने हात पुढे केला, चाचपडत. मास्तरांनी कापड तिच्या बोटांखाली सरकवलं. बोटं कापडावरून वर वर गेली, काठाशी थांबली.

"हा वरचा खिसा ना?"

"हो. तोच."

"उघडा ठेवलायस?"

"ठेवलाय."

"शहाणा आहेस," आक्का म्हणाली. तिची बोटं थोडा वेळ तिथेच राहिली. मग तिने हात मांडीवर घेतला. "घाल घडी आता. जपून रे, खडू आहे, पुसेल."

मास्तरांनी चित्राची बाजू आत घेतली आणि कुठे काही घासलं जाऊ नये अशा बेताने, हलक्या हाताने कापडाची घडी घातली.